सूर, कंपनसंख्या आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

गणेशोत्सव जवळ आला की हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत माळ्यावरून आराशीच्या सामानाची पेटी खाली उतरते. ज्या घरात अजून गाणे टिकून आहे, तिथे तिच्या मागोमाग तंबोऱ्याची गवसणीही उतरते. भोपळ्यावरची धूळ पुसायची, तारा बदलायच्या, घोडीवर दोरा सरकवून जवारी लावायची, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी डोळे मिटून म्हणायचे की जोड अजून जुळलेली नाही. हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

अलीकडे त्याच घरांत दुसरेही एक दृश्य दिसते. नातू कानांवर हेडफोन चढवून संगणकासमोर बसलेला असतो. पडद्यावर रंगीत लाटा वरखाली होत असतात. तो ध्वनिमुद्रणाचे काम शिकतो आहे आणि त्याच्या बोलण्यात सारखा एकच शब्द येतो : फ्रिक्वेन्सी. आजोबांना तो शब्द परका वाटतो आणि नातवाला जवारी हा शब्द परका वाटतो. दोघेही एकाच गोष्टीविषयी बोलत असतात, हे मात्र दोघांच्याही ध्यानात येत नाही.

यंदाच्या स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहायचे ठरले, तेव्हा या दोघांना जोडणारा माणूस शोधावा असे आमच्या मनात आले. फार लांब जावे लागले नाही. सवाई गंधर्व, गंगूबाई, भीमसेन ही नावे आपल्या गावांत रोज घेतली जातात. या सर्वांच्या मागे उभे असलेले गुरू म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. ते मोठे गवई होते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. आपला गळा आणि आपला कान त्यांनी ध्वनीच्या मोजमापाच्या कामाला दिला होता, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. ती आज सांगायची आहे.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तरेत, मुझफ्फरनगरजवळच्या किराना म्हणजे कैराना या गावी झाला. वडील काले खाँ. घरात गाणे आणि सारंगी, दोन्ही. सारंगीला पडदे नसतात. बोट तारेवर नेमके कुठे टेकवायचे, हे डोळ्यांना दिसत नाही, ते कानालाच ठरवावे लागते. अशा घरात वाढलेल्या मुलाचा कान लहानपणीच तासला गेला असणार, हे सांगायला नको.

तरुणपणी ते बडोद्याला आले आणि सयाजीराव महाराजांच्या दरबारात गाऊ लागले. तिथेच त्यांची सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी ओळख झाली. त्या काळी या नात्याला कोणीही मान्यता देणे शक्य नव्हते. दोघांनी बडोदा सोडले, मुंबईला आले आणि पुढे मिरजेला. कैरान्याचा गवई असा दक्षिण महाराष्ट्रात आला, आणि कायमचा इकडचाच झाला. पुढे ते मराठी नाट्यपदे गायले. मराठी शिष्यांना शिकवता शिकवता त्यांचे गाणे मराठी माणसाला घरचे वाटू लागले.

मिरजेतून आपल्या गावांकडे येण्याची वाट सरळ होती. दक्षिण मराठा रेल्वेची गाडी मिरजेहून बेळगाव, लोंढा करीत धारवाड-हुबळीला येई आणि पुढे म्हैसूरच्या दिशेने जाता येई. म्हैसूर दरबारात खाँसाहेबांना मोठा मान होता. तिकडे जाता-येता त्यांचा मुक्काम धारवाडला पडे. गंगूबाई हनगलांच्या मातोश्री अंबाबाई कर्नाटक संगीत गात. खाँसाहेब त्यांच्या घरी मुद्दाम गाणे ऐकायला येत, ही आठवण गंगूबाई पुढे आयुष्यभर सांगत असत. उत्तरेतला नामवंत उस्ताद धारवाडच्या एका घरात बसून दक्षिणेची पद्धत ऐकतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. त्या ऐकण्याचा ठसा त्यांच्या गाण्यावर उमटला. त्यांची सरगम आणि त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली त्यागराजांची खरहरप्रियातील कृती ही त्याची साक्ष आहे.

याच भागात, हुबळीजवळच्या कुंदगोळ गावात, रामचंद्र गणेश सौंशी नावाचा मुलगा होता. जन्म १८८६ चा. वडील नाडिगेर घराण्याच्या पदरी कारकून. रामभाऊला गाण्याचे वेड लागले आणि तो खाँसाहेबांचा शिष्य झाला. सुमारे आठ वर्षे त्याने गुरूच्या सहवासात काढली. हाच पुढे सवाई गंधर्व झाला. कुंदगोळच्या नाडिगेर वाड्यात आजही त्यांच्या पुण्यतिथीला मैफल भरते, आणि आपल्यातले अनेक जण तिथे रात्र जागवून सकाळच्या गाडीने परत आलेले आहेत.

आता खाँसाहेबांच्या गाण्याचे वैशिष्ट्य काय, ते पाहू. किराना घराण्याची ओळख एका शब्दात सांगतात : सूर. खाँसाहेब तयारीची दाटी करीत नसत. एकेक स्वर सावकाश लावीत, तो तंबोऱ्यात पूर्ण विरघळेपर्यंत धरीत, मगच पुढच्याकडे वळत. ऐकणाऱ्याला वाटे की हा माणूस स्वर शोधतो आहे आणि तो सापडल्याचा आनंद आपल्यालाही देतो आहे. स्वर सापडणे म्हणजे नक्की काय घडते? इथे नातवाची फ्रिक्वेन्सी आपल्या कामाला येते.

तार छेडली की ती थरथरते. एका सेकंदात ती जितक्या वेळा पुढे-मागे होते, ती तिची कंपनसंख्या. यालाच फ्रिक्वेन्सी म्हणतात, आणि ती हर्ट्झ या एककात मोजतात. कंपने जास्त, तर आवाज उंच. कंपने कमी, तर खाली. माणसाच्या कानाला साधारण २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकू येतात. वय वाढले की वरची टोके हळूहळू गळतात. म्हणून नातवाला ऐकू येणारी बारीक शीळ आजोबांना ऐकू येत नाही.

पुरुषी गळ्यासाठी तंबोरा काळी एकमध्ये लावला, तर मधल्या जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे १३९ वेळा थरथरतात आणि खर्ज त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ वेळा. समजा, जोडीतली एक तार १३९ वर आहे आणि दुसरी १३७ वर. दोन्ही एकदम वाजवल्या की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात : आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. खुंटी किंचित पिळली की हेलकावे मंदावतात. दोन्ही तारा सारख्या झाल्या की हेलकावे थांबतात आणि दोन तारांची जणू एकच होते. आजोबा डोळे मिटून याच हेलकाव्यांकडे कान लावून बसलेले असतात. त्यांनी आकडा कधी मोजलेला नसतो, तरी दोन आकड्यांतला फरक त्यांना ऐकू येतो.

तंबोऱ्याची आणखी एक खुबी आहे. एक तार एकाच कंपनसंख्येचा आवाज देत नाही. मूळ आवाजाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे बारीक आवाजही त्यात मिसळलेले असतात. तिपटीतून पंचम येतो आणि पाचपटीतून गंधार. खर्जाच्या तारेतून, कोणी न गाता, गंधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. साध्या तारेत हे वरचे आवाज लवकर विरतात. तंबोऱ्यात मात्र रुंद घोडी आणि तिच्यावरचा दोरा यांमुळे ते उमलतात आणि टिकतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही या गोष्टीचे कुतूहल वाटले. त्यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला. सामान्य तारेच्या नियमाने जे आवाज उमटू नयेत, तेही या वाद्यांत उमटतात, असे त्यांनी त्यात दाखवले. मिरजेच्या सतारमेकर कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या हाताने ठाऊक होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या हातांच्या ज्ञानाचीच सरकारदरबारी नोंद झाली. खाँसाहेबांनी याच गावात घर केले, हा योगायोग आम्हाला फार बोलका वाटतो.

आता मिरजेच्या शेजारच्या सांगलीला जाऊ. तिथे कृष्णाजी बल्लाळ देवल राहत असत. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे बंधू. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी एक ध्यास घेतला होता. जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या खरोखर गायल्या जातात का, आणि जात असतील तर प्रत्येकीची कंपनसंख्या किती? हे ठरवायला त्यांना तार मोजण्याचे उपकरण हवे होते, आणि त्याहून अधिक, स्वर तसूभरही न हलवता धरून ठेवील असा गळा हवा होता. तो गळा त्यांना खाँसाहेबांच्या रूपाने मिळाला.

कामाची रीत सोपी, पण चिकाटीची होती. गायकाने रागातला स्वर लावायचा, त्याच्याशी मोजणीची तार जुळवायची, आणि तारेच्या लांबीवरून त्या स्वराचे षड्जाशी असलेले प्रमाण काढायचे. त्या काळी संगीताच्या पुस्तकांत हिशेबासाठी षड्जाची २४० कंपने धरीत. आपणही तीच धरू. तार षड्ज दुप्पट, म्हणजे ४८०. पंचम दीडपट, ३६०. शुद्ध मध्यम ३२०. स्वयंभू गंधार सव्वापट, म्हणजे बरोबर ३००. कोमल गंधार एके ठिकाणी २८८ येतो, तर पंचमांच्या साखळीने काढलेला दुसरा २८४ आणि थोडा वर येतो. दोन्हींना आपण कोमल गंधारच म्हणतो. एका रागात एक शोभतो, दुसऱ्यात दुसरा. तीन-चार कंपनांचा हा फरक आहे, आणि रागाचा चेहरा त्यावर बदलतो.

देवलांनी आपले निष्कर्ष १९१० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्यांचे काम अर्नेस्ट क्लेमेंट्स या मुलकी सेवेतील इंग्रज न्यायाधीशाने उचलून धरले; भारतीय संगीतावरचे त्याचे पुस्तक १९१३ मध्ये आले. दोघांनी मिळून बावीस श्रुती वाजवील अशी खास पेटी तयार करवली. तिच्यामागची अडचण आपल्या भजनी मंडळींनाही ओळखीची आहे. साध्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. त्या हिशेबाने गंधार ३०० ऐवजी ३०२ च्या थोडा वर जातो. फरक दोन कंपनांचा, म्हणून सोडून द्यावा असे वाटेल. पण तंबोऱ्यातल्या वरच्या आवाजांशी गाठ पडली की तो चौपट होतो आणि सेकंदाला नऊ-साडेनऊ हेलकाव्यांची खरखर सुरू होते. पेटीवर गंधार धरून शेजारी तंबोरा छेडून पाहावा. ही खरखर कोणालाही ऐकू येईल.

१९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिचे सूत्रधार होते. श्रुतींची पेटी तिथे मांडली गेली. जाणकार गवयांच्या परीक्षेत ती उतरली नाही. कारण समजायला कठीण नाही. पेटीची पट्टी एका जागी ठोकलेली असते. दरबारीचा गंधार एका जागी बसत नाही. तो झुलतो, खालून येतो, मागे रेलतो. त्याचा एक आकडा सांगणे म्हणजे झोपाळ्याचा पत्ता सांगण्यासारखे आहे. बावीस पट्ट्या केल्या काय आणि बेचाळीस केल्या काय, मीड पेटीत येत नाही.

मग देवलांची मोजणी फुकट गेली का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांनी तारेवर जी प्रमाणे काढली, त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. खाँसाहेबांचा गंधार सुरेल वाटे, तो केवळ ऐकणाऱ्याच्या भक्तीमुळे नव्हे. त्याचे षड्जाशी असलेले नाते तारेच्या नियमात बसत होते. उलट, परिषदेत पेटी हरली त्यातूनही एक गोष्ट स्पष्ट झाली. कंपनसंख्या स्वराची जागा सांगते. त्या जागेवर कसे यायचे आणि तिथून कसे निघायचे, ते सांगत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या गाण्यातून उलगडल्या, म्हणून आम्ही हे चरित्र निवडले.

खाँसाहेबांना शिकवण्याचीही हौस होती. त्यांनी १९१३ मध्ये पुण्याला आर्य संगीत विद्यालय सुरू केले. गवयाची विद्या फक्त घरच्यांना द्यायची, ही त्या काळची रीत होती. इथे मात्र कोणत्याही जातीधर्माची मुले राहत, जेवत आणि शिकत. विद्यार्थ्यांना घेऊन ते जलसे करीत. वाद्यांची दुरुस्ती ते स्वतः करीत, तबल्यावरही हात चालवीत. त्यांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्यालाही सुरात आवाज लावायला शिकवले होते, असे सांगतात. गोष्ट गमतीची आहे, पण ती ज्या माणसाविषयी सांगितली जाते, त्याच्या स्वभावाला शोभणारी आहे.

आयुष्यातला मोठा घाव १९२२ मध्ये बसला. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी आईकडची नावे घेतली. अब्दुल रहमान हे सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना सरस्वती राणे झाल्या. कृष्णराव माने आणि कमलाबाई बडोदेकर ही आणखी दोन भावंडे. महाराष्ट्राच्या गाण्यात या भावंडांची नावे वडिलांच्या नावाशिवाय गाजली. स्त्रियांनी तिकीट लावून खुल्या रंगमंचावर शास्त्रीय गाणे गावे, ही वाट हिराबाईंनी प्रतिष्ठित केली. घर तुटले, तरी सूर तुटला नाही. हिराबाईंचा षड्ज ऐकला की तो कोणत्या घरचा, हे विचारावे लागत नाही. खाँसाहेब पुढे मिरजेतच राहिले. त्यांचे उत्तरायुष्यातले गाणे अधिकच अंतर्मुख झाले, असे ऐकणारे सांगत. त्याचे कारण शोधायला आम्ही जात नाही.

त्यांच्या आवाजाचे नशीब ध्वनिमुद्रिकांनी ठरवले. १९०५ च्या सुमारास त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या जोराने सुई हलायची आणि मेणात रेघ पडायची. या पद्धतीत साधारण अडीचशेपासून अडीच हजारांपर्यंतचीच कंपने पकडली जात. वर पाहिल्याप्रमाणे तंबोऱ्याचा खर्ज ६९ वर, जोड १३९ वर. म्हणजे त्यांचे मूळ आवाज कर्ण्याच्या दाराबाहेरच राहायचे. तरीही आपल्याला तंबोरा असल्याचा भास होतो, कारण वरच्या पटीतले आवाज ऐकून कान खालचा आवाज स्वतः भरून काढतो. नातवाच्या छोट्या मोबाइलवर खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, तोही याच कारणाने.

१९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. मायक्रोफोनमुळे खाली शंभरपर्यंत आणि वर पाच हजारांपर्यंतची कंपने तबकडीवर उतरू लागली. खाँसाहेबांचा आवाज बारीक, नाजूक आणि टोकदार. कर्ण्यापुढे त्यांना जोर लावावा लागला असेल. मायक्रोफोनपुढे हळूही गाता आले. ज्या तबकड्यांनी त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले, त्या याच काळातल्या. झिंझोटीतल्या त्यांच्या ठुमरीची तबकडी गदगच्या एका शाळकरी मुलाने ऐकली आणि तसे गाणे शिकायचे म्हणून तो घर सोडून निघाला. भटकून परतलेला तो मुलगा शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात उभा राहिला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीने गुरूच्या गुरूची भेट घडवली.

या तबकड्यांबाबत एक धोका आहे, आणि ध्वनीचे काम शिकणाऱ्या आपल्या मुलांनी तो लक्षात ठेवावा. त्या मिनिटाला ७८ फेरे या वेगाने फिरायला हव्यात. तेव्हाच्या मुद्रणात आणि यंत्रात हा वेग थोडा मागेपुढे होई. समजा, ७८ ची तबकडी ८० फेऱ्यांनी वाजली. दोन फेऱ्यांनी काय बिघडते, असे वाटेल. पण सगळी कंपने अडीच टक्क्यांनी वाढतात. २४० चा षड्ज २४६ होतो. देवल ज्या बारीक श्रुतीच्या मागे होते, त्या सर्वांत लहान अंतराची ही जवळजवळ दुप्पट आहे. आवाज पातळ होतो, लय धावते, आणि ऐकणारा समजतो की खाँसाहेब असेच गात. रागातली नाती मात्र शाबूत राहतात, कारण सगळे स्वर एकाच पटीने वर सरकतात. म्हणून वेग चुकला तरी सूर सुरेल वाटतो, आणि म्हणूनच ही चूक पकडायला कठीण जाते. जुनी तबकडी संगणकात उतरवताना खरखर पुसण्याआधी वेग तपासावा. खरखर पुसतानाही हात राखून ठेवावा. ती बहुतेक वरच्या कंपनांत असते, आणि खाँसाहेबांच्या आवाजाची धारही तिथेच असते. एक पुसताना दुसरी पुसली जाते.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. मद्रासहून ते पाँडिचेरीकडे निघाले. वाटेत गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. त्यांनी तंबोरा मागवला, तो जुळवला आणि दरबारीत ईश्वराची आळवणी करीत देह ठेवला, असे सांगितले जाते. तारीख २७ ऑक्टोबर. वय चौसष्ट. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. तिथे दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, आणि मोठेमोठे कलावंत बिदागीची अपेक्षा न धरता हजेरी लावतात.

खाँसाहेब गेले, पण आपल्या गावांत त्यांचा सूर राहिला. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. चार रागांतच वर्षे घालवायची, एकेक जागा दिवसेंदिवस घासायची, ही गुरूंच्या गुरूंची शिस्त त्या सांगत. धारवाडला १९५० मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि या गावांतले गाणे हवेतून घरोघरी गेले. हुबळीत सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृह आहे, उणकलला गंगूबाईंच्या नावाचे गुरुकुल आहे. ही सगळी झाडे ज्या रोपाची, ते मिरजेहून म्हैसूरला जाणाऱ्या गाडीने इथे आले होते.

आणि आपण? गेल्या काही वर्षांत आमच्या मंडपात असे झाले आहे की गायिका तंबोरा जुळवून बसतात, आणि मोठ्या पेट्यांतून खालचा घुमार असा येतो की तंबोरा कुठे गेला ते कळत नाही. शंभरच्या खालची कंपने वाढवली की छातीत धडधडते आणि गर्दीला मजा येते. पण शब्दांची स्पष्टता दोन ते चार हजारांच्या आसपास असते, आणि स्वयंभू गंधार त्या घुमाराखाली गाडला जातो. मग आवाज वाढवतात. मायक्रोफोन स्पीकरचाच आवाज पकडतो, एकच कंपनसंख्या फिरून फिरून वाढत जाते आणि कानठळ्या बसवणारी शीळ निघते. इथे दोष कोणा एकाचा नाही. ऐकण्याची सवय आपण सगळ्यांनीच थोडी थोडी सोडली आहे.

म्हणून यंदा शास्त्रीय गायनाच्या संध्याकाळी एक साधा नेम करू या. कार्यक्रमाआधी दहा मिनिटे मंडपात फक्त तंबोरा वाजेल. ध्वनियंत्रणेवर बसणारी आपली मुले पडद्यावर न पाहता आधी तो ऐकतील. शेजारी घरातले एक वडीलधारे बसतील आणि गंधार ऐकू आला की मान हलवतील. घुमार तेवढा खाली आणायचा, आवाज तेवढाच ठेवायचा. देवलांनी तार आणि खाँसाहेबांनी गळा आणून एकत्र बसण्याचा जो प्रकार शंभरावर वर्षांपूर्वी सांगलीत केला, तोच आपण आपल्या मंडपात करायचा. आजोबांना फ्रिक्वेन्सी कळेल, नातवाला जवारी कळेल, आणि खाँसाहेबांना, जिथे असतील तिथे, बरे वाटेल.

गणपती बाप्पा मोरया.